पाचवी खूण

सहलीच्या बाबतीत गोदावरीबाईंनी कानाला खडा लावला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. गेल्या साली त्या मंडळाच्या बायकांबरोबर ठिकाण न विचारता बसमध्ये बसल्या, आणि बस जाऊन थांबली ती डोंगरगढला. वर देवी, खाली गोदावरीबाई, आणि मध्ये इतक्या पायऱ्या की नुसतं वर बघूनच गुडघे कुरकुरायला लागले. रोपवे होता, पण अधांतरी लोंबकळणाऱ्या पेटीत बसायची त्यांची तयारी नव्हती. मग त्या दिवसभर खाली एका दुकानाच्या बाकावर बसल्या आणि सगळ्या बायकांच्या चपला सांभाळल्या. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की देवीचं दर्शन काही झालं नाही, पण मंडळात कोणाची चप्पल कुठल्या बाजूनं झिजते ते आता तोंडपाठ आहे.

ठिकाण न सांगता सहल नेण्याची ही रीत रायपूरच्या त्या महिला मंडळात गंधालीताईंनी आणली होती. गंधालीताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पूर्वी ठिकाण आधी जाहीर होई. मग निम्म्या बायका म्हणत, तिथं आमचं जाऊन झालंय. उरलेल्या म्हणत, तिथलं पाणी बाधतं. आणि सहल निघण्याआधीच भांडणात मोडायची. गंधालीताईंनी मग युक्ती काढली. आधी तारीख ठरवायची, नावं घ्यायची आणि ठिकाण गुलदस्त्यात ठेवायचं. सहलीच्या आधीच्या आठवड्यात पाच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या आवाजात एकेक खूण येई. ज्यांना ओळखता येईल त्यांनी ओळखावं, पण उत्तर मनातच ठेवावं. ग्रुपवर टाकलं तर सहलीतून नाव कट. बायकांना हा खेळ फार आवडला. ज्या बायका आयुष्यभर नवऱ्याला विचारल्याशिवाय गावातल्या पंडरीच्या कापडबाजारालाही गेल्या नव्हत्या, त्या आता पत्ता नसलेल्या गावाला जायला रांग लावत होत्या.

गोदावरीबाईंची सून अनुश्री. तिला या सहलीत एकाच गोष्टीचा रस होता. सासूबाई तीन दिवस घरात नसतील.

हे असं वाचायला वाईट दिसतं, पण अनुश्री वाईट नव्हती, थकली होती. तिचा नवरा शेखर रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता आणि त्याच्या पाळ्या घड्याळाला कधी जुमानत नसत. घर तिथून जवळच, गुढियारीत, त्यामुळे कारखान्यांची काळी धूळ रोज न चुकता घरी येई. रात्री पुसलेल्या ओट्यावर सकाळी बोटानं नाव लिहावं. शेखरचा डबा, धूळ, सासूबाईंची आंघोळ, त्यांच्या गुडघ्यांना तेल, मग शंकर नगरचं ऑफिस, तिथं दिवसभर कंप्युटरवर सरकारी योजनांत दुसऱ्यांची नावं भरायची, आणि परत येऊन हेच सगळं उलट क्रमानं. त्यात गेल्या पावसाळ्यात गोदावरीबाई बाथरूमच्या दारात पडल्या. तेव्हापासून रात्री त्या उठल्या की अनुश्रीला उठावं लागे, आणि म्हातारपणी माणूस झोपतो कमी आणि उठतो जास्त. अनुश्रीला बसमध्ये झोप लागे, ऑफिसात लागे, एकदा तर भाजीवाल्याच्या दुकानात वांगी निवडताना उभ्या उभ्या लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, आराम करा. आराम कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

म्हणून सहलीची तारीख कळल्याबरोबर अनुश्रीनं ऑफिसात रजा टाकली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. शेखर कारखान्यात, मुलगी ओवी कॉलेजात, सासूबाई सहलीला, आणि ती पलंगावर. एवढंच. कोणी म्हणेल हे काय सुख झालं. त्यानं तिच्या जागी एक आठवडा काढून बघावा.

पण गोदावरीबाईंनी अट घातली. डोंगरगढसारखी फजिती पुन्हा नको. ठिकाण ओळखू आलं आणि पटलं तरच त्या जाणार, नाहीतर नाव काढून घेणार. तेव्हा पाचही संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या, हातपाय धुऊन, अनुश्री चहाचे कप घेऊन सासूबाईंसमोर बसू लागली. मंडळातल्या एकाही बाईला त्या खुणांची इतकी निकड नसेल.

पहिली खूण आली. गंधालीताईंचा आवाज फोनमधून वर्गात आल्यासारखा आला. "रघुकुळाचा राजा इथे टेकडीवर राहतो. त्याला भेटायचं तर आपणच चढून जावं."

गोदावरीबाईंनी कप खाली ठेवला आणि विचार न करता म्हटलं, रामटेक.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय. गोदावरीबाईंचं माहेर रामटेकजवळचं एक खेडं होतं. रेल्वेत नोकरीला असलेल्या नवऱ्यामागे त्या नागपूरकडून रायपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. आईवडील गेले, भाऊ नव्हताच, शेत विकलं गेलं. राहिली ती एक धाकटी बहीण, बेबी, रामटेकात दिलेली. बेबीचा नवरा वारला तेव्हा गोदावरीबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि पाय बरा झाला तोवर जाण्याची वेळ निघून गेली होती. त्यानंतर दर सणाला ठरे की पुढच्या महिन्यात नक्की. सकाळी गाडीत बसलं तर जेवायच्या वेळेला नागपूर येतं, तिथून रामटेक हाकेच्या अंतरावर. पण गुडघे म्हणत एकटी जाऊ नको, शेखर म्हणे सुट्टी नाही, आणि अनुश्रीला रविवार कपडे धुवायला पुरत नसे. नाही कोणीच म्हणत नव्हतं. नेतही कोणी नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळची खूण अशी होती की तिथलं टेकडीवरचं देऊळ नागपूरच्या भोसल्यांच्या घरातल्या माणसानं बांधलं. गोदावरीबाईंनी नातीकडे पाहून भुवया उडवल्या. ओवी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती हिंदीत म्हणाली की आजी, दोन सेकंदांत फोनला विचारून सांगते. आजीनं तिला झापलं की फोन कधी रामटेकला गेलाय का. ओवीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र ती हिंदीतून देई.

अनुश्री मात्र चहा पिताना थांबली. टेकडी, राम, भोसले. तिच्या डोळ्यांपुढे वेगळीच टेकडी उभी राहिली होती. तिचं माहेर बिलासपूरचं. वडील तिथं रेल्वेत कारकून होते, घर म्हणजे रेल्वेचं क्वार्टर, आणि शाळेची सहल म्हणजे ठरलेलं रतनपूर. तिथंही टेकडीवर राम आहे. रामटेकरीच म्हणतात तिला. भोसल्यांच्या घरातले बिंबाजी छत्तीसगढात राज्य करायला आले, त्यांना नागपूरकडचा रामटेक आठवत असेल, म्हणून त्यांनी इथं रतनपूरला टेकडीवर राम बसवला, असं बाबा सांगत. म्हणजे त्या राजालाही घरची आठवणच येत होती. रतनपूरचं नाव मनातच ठेवून अनुश्रीनं उरलेला चहा संपवला. दोन खुणांवरून काय ठरतं.

तिसऱ्या खुणेत तळी आली: मोजायला गेलात तर संध्याकाळ होईल, म्हणे. गोदावरीबाईंनी अंबाळ्याचं नाव घेतलं, खिंडसीचं घेतलं, आणि नावं संपली तेव्हा माहेरच्या गावातलं म्हशी डुंबायचं डबकंही तळ्यात धरलं. रतनपुरात तर पावलापावलावर तळं, अनुश्रीला आठवलं. चौथी खूण सांगत होती की हे झोपाळू गाव एके काळी राजधानी होतं. गोदावरीबाईंनी लगेच शेजारचा नगरधनचा किल्ला पुढे केला. तिथल्या जुन्या राजांविषयी शाळेत धडा होता म्हणाल्या. वकिलानं मांडावी तशी त्या बाजू मांडत होत्या आणि प्रत्येक खुणेसरशी त्यांची पाठ सरळ होत होती. चौथ्या दिवशी त्यांनी कपाटावरची बॅग काढायला लावली. संध्याकाळी स्वतःहून उठून त्यांनी केस विंचरले. बेबीला फोन करायचा नाही, अशी त्यांनी घरात तंबी दिली. अचानक दारात उभं राहायचं आणि बघायचं की बहीण ओळखते का.

अनुश्री रोज रात्री स्वतःला समजावत होती की रामटेकही असू शकतं. खरंच असू शकत होतं. रामटेक असेल तर दोघींचंही भलं.

पाचव्या दिवशी तिला ऑफिसातून यायला उशीर झाला. गोदावरीबाई खूण न ऐकता तिच्यासाठी थांबल्या होत्या. फोन मांडीवर ठेवला होता. अनुश्रीनं चपला काढल्या आणि तशीच बसली. गंधालीताई बोलू लागल्या. "शेवटची खूण. टेकडीवरचा राम इथे शेजारी आहे. हे घर आईचं आहे. नवरात्रात भक्त दूर शहरातून रात्रभर चालत तिच्या दाराशी येतात."

अनुश्रीला पायाखालचा रस्ता आठवला. सप्तमीच्या रात्री बिलासपूरहून रतनपूरला महामायेच्या दर्शनाला चालत निघालेली माणसांची रांग, वाटेत फुकट चहा वाटणारे मांडव, आईच्या हातातली पाण्याची बाटली, आणि तिच्या स्वतःच्या टाचेला आलेला फोड. आता ते क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळालं होतं आणि आई-बाबा दोघंही नव्हते. शंकेला जागाच उरली नाही. ठिकाण रतनपूर होतं.

गोदावरीबाई मात्र या खुणेवर अडखळल्या. आईचं घर म्हणजे काय, असं त्यांनी दोनदा स्वतःशीच विचारलं. मग म्हणाल्या की गडाच्या वाटेवर देवीचं देऊळ असेल की एखादं. चालत येणाऱ्यांचं काय, जत्रेला कार्तिकात येतातच. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सुनेकडे पाहिलं.

"अनु, तू शिकलेली आहे. तुले काय वाटते? रामटेकच ना? नाईतर मी काई जात नाई. दुसरीकडं कुठं जाऊन मी काय करू?"

अनुश्रीच्या मानेत कळ भरली होती. स्वयंपाक व्हायचा होता. घरात धूळ तशीच होती. पलीकडे तीन दिवस उभे होते, दार उघडून, आणि ते बंद करायला एक शब्द पुरे होता.

"हव, आई," ती म्हणाली. "रामटेकच."

खोटं बोलायला धैर्य लागतं म्हणतात. तसं काही नाही. थकवा पुरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेखर बूट घालत असताना तिनं त्याला खरं काय ते सांगितलं. पाप वाटून घेतलं तर हलकं होतं, असा तिचा समज असावा. शेखर बुटाची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला की आता बोलू नको, बस निघू दे, आई गेली की तिथं बायकांमध्ये रमेल. महामायेला पायऱ्या नाहीत, गुडघ्यांना त्रास नाही. आणि रामटेकला आपण पुढच्या महिन्यात नेऊच. पुढच्या महिन्यात, हे शब्द उच्चारल्यावर दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळून उठले. पाप काही हलकं झालं नाही. आता ते दोघांच्या डोक्यावर होतं.

त्यात गोदावरीबाईंना बेबीसाठी साडी हवी होती. नवरा गेल्यापासून बेबी फिकट नेसते, पण तिला रंग आवडत, तेव्हा रंगाची आणायची, असं त्यांनी बजावलं. अनुश्री ऑफिस सुटल्यावर पंडरीला गेली. तिथल्या दुकानात गाद्यांवर बसून दुकानदार एकावर एक साड्या फेकत होता आणि दीदी, ये देखो, दीदी, वो देखो करत होता. तिनं पहिलीच उचलून निघावं, कोणी बघणार नव्हतं. ती साडी त्या बाईच्या अंगाला लागणारच नव्हती. पण अनुश्री बसली. तिनं पोत बघितला, काठ बघितला, उजेडात नेऊन रंग बघितला आणि गर्द जांभळी निवडली. बेबीमावशींना शोभेल का, असा विचार करत तिनं आणखी दोन उलगडायला लावल्या. बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की रिक्षावाल्याशी ती उगाच भांडली. ज्या गावाला कोणी जाणार नाही तिथल्या बाईसाठी एवढं मन लावून साडी निवडणं म्हणजे चोरानं घर झाडून चोरी करण्यासारखं होतं.

गोदावरीबाईंना साडी इतकी आवडली की त्यांनी ती उशाशी घेऊन ठेवली. बॅगेत त्यांनी स्वतःच्या दोनच साड्या भरल्या, आणि बाकी जागा बेबीसाठी: इथली तिळाची चिक्की, अनारसे, बेबीच्या नातवाला स्वेटर. अनुश्री एकेक वस्तू घडी करून त्यांच्या हातात देत होती. दोनदा तिच्या जिभेवर आलं. पहिल्यांदा सासूबाई नेमक्या हसल्या. दुसऱ्यांदा तिला जांभई आली, आणि जांभई संपेपर्यंत बोलायचं राहून गेलं. नंतर तिनं बरेचदा विचार केला की त्या जांभईवर आपण किती भार टाकला.

निघायच्या सकाळी धुकं होतं. ऑटोनं त्या दोघी शंकर नगरच्या चौकात आल्या तेव्हा बस उभी होती आणि बायका मफलर गुंडाळून कलकलत होत्या. गंधालीताईंच्या हातात शिट्टी होती. त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं की ओळखलं का ठिकाण. गोदावरीबाई लाजल्यासारखं करून म्हणाल्या की ओळखलं, पण सांगत नाही. अनुश्रीनं त्यांना धरून वर चढवलं, खिडकीशी बसवलं, गोळ्यांची डबी पर्समध्ये कुठे आहे ते दाखवलं आणि गुडघ्यांवर शाल टाकली. खाली उतरणार तोच गोदावरीबाईंनी तिचा हात धरला आणि हळूच विचारलं की बेबीकडं एक रात्र राहू देईल का गंधाली. अनुश्री म्हणाली, विचारून बघा. आणि ती खाली उतरली.

बस सुरू झाली. नागपूरचा रस्ता एकीकडे, बिलासपूरचा दुसरीकडे. बस कुठे वळते ते बघायला अनुश्री थांबली नाही.

घरी आली तेव्हा शेखर गेलेला, ओवी गेलेली. तिनं दाराला कडी घातली, साडी न बदलता पलंगावर पडली आणि झोपली. झोप कसली, विहिरीत दगड पडावा तशी ती खाली गेली. मध्ये कोणी हाक मारली नाही, दूध उतू गेलं नाही, फोन वाजला नाही. जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. क्षणभर तिला कळेना की आपण कोण आणि हे कुठलं घर. मग कळलं, आणि उठायची गरज नाही हेही कळलं. तिला हसू आलं. पडल्या पडल्या एकटी बाई मोठ्यानं हसली. ती सुखी झाली होती. हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं गार वरणभात पातेल्यातूनच खाल्ला, केस धुतले, ओल्या केसांनी पुन्हा आडवी झाली आणि पुन्हा डुलकी काढली. खांद्यातली जी गाठ ती आपल्या हाडाचाच भाग समजत होती, ती सुटली होती.

दिवेलागणीला फोन वाजला. गोदावरीबाई होत्या.

"पोचलो गं बाई. जेवन झालं. गोया घेतल्या."

अनुश्रीनं विचारलं कसं आहे. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला थोडं जड गेलं.

"कसं म्हनजे? रामटेक म्हनजे रामटेकच. तू सांगतलं होतं ना, बरोबर निघालं तुहं." गोदावरीबाईंनी श्वास घेतला. मागे लाउडस्पीकरवर कोणीतरी महामाया मैयाचा जयकारा करत होतं आणि मंडळाच्या बायका त्याला साथ देत होत्या. "बेबीही भेटली."

अनुश्री पलंगाच्या कडेवर बसली.

"पायताच वळखलं तिनं मले. साडी लय आवडली. म्हने जांभयीच पायजे होती. तुह्या सुनेले डोये आहेत म्हने." मागचा जयकारा वाढला, तशा गोदावरीबाई घाईनं बोलू लागल्या, जणू फोनवर हात धरून तो आवाज अडवता येईल. "इथं गोंगाट आहे. तू काई कायजी करू नको. तुही काई चूक नाई."

ती शेवटची वाक्यं ऐकली आणि अनुश्रीला सगळं कळलं. बस बिलासपूरच्या रस्त्याला लागली तेव्हाच म्हातारीला समजलं असणार. सिमगा आलं असेल, नांदघाट आलं असेल, मांडीवर बहिणीची साडी. आणि दिवसभर तिनं विचार कशाचा केला, तर आपल्या सुनेनं चुकीचं ओळखलं म्हणून सुनेला वाईट वाटेल, याचा. सुनेनं चूक केली असं ती धरून चालली होती. सुनेनं खोटं सांगितलं असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

दिवसभराची सगळी झोप अनुश्रीच्या अंगातून एका क्षणात निघून गेली. हे असंच चालू ठेवता आलं असतं. हव आई, बरं झालं आई, म्हणून फोन ठेवता आला असता. म्हातारी परत आल्यावर दोघींनी मिळून रामटेकच्या गोष्टी सांगितल्या असत्या, आणि घरोघरी असंच चालतं. पण तिला लाज वाटली, आणि आज लाज वाटायला लागेल एवढी ताकद तिच्यात होती.

"आई," ती म्हणाली, "ते रतनपूर आहे. मले माहीत होतं. पाचवी खूण आली तवाच समजलं होतं."

नुसता जयकारा ऐकू येत राहिला. फोन कट झाला की काय म्हणून अनुश्रीनं कानापासून दूर धरून बघितला, चालू होता. गोदावरीबाई उठून कुठेतरी बाजूला गेल्या असाव्यात, कारण मागचा आवाज हळूहळू लांब गेला.

"मंग साडी काहून घेऊ देली मले?"

त्या रागावल्या नव्हत्या. एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, खरंच कारण हवं असल्यासारखं. अनुश्रीनं मनातल्या मनात शेखर, ऑफिस, गुडघे, पायऱ्या, पुढचा महिना, सगळं चाचपून बघितलं. त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मले झोपायचं होतं, आई," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "कोनी नसताना. फक्त झोपायचं होतं."

गोदावरीबाईंनी तिला रडू दिलं. गप्प बस म्हणाल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं,

"झोपली का मंग?"

"हव."

"पुरी?"

"दुपार टळेपर्यंत."

"हं," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता, दिवसभर बसमध्ये बसलेल्या आणि मनाविरुद्धच्या गावाला पोचलेल्या बाईचा असतो तसा. "मंग कोनीतरी पोचलं म्हनायचं, जिथं जायचं होतं तिथं."

त्यांनी फोन ठेवला नाही. दोघींपैकी कोणीच ठेवला नाही. आरती सुरू झाली आणि गंधालीताईंची शिट्टी वाजली, तेव्हा गोदावरीबाई म्हणाल्या की आता जावं लागेल, बायका वाट पाहून राहिल्या.